प्रवास एक, कायदे अनेक : विमानप्रवाशांच्या कायदेशीर संरक्षणाची शहाडच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना :

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर कल्याणनंतर येणारे पहिले स्थानक म्हणजे शहाड. सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आणि बिर्ला मंदिर या दोन खुणांनी ओळखल्या जाणाऱ्या या गावाचा विमानवाहतुकीच्या कायद्याशी काय संबंध, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडणे स्वाभाविक आहे. तथापि शहाड, उल्हासनगर, आंबिवली या पट्ट्यातील माणूस आज व्यापारासाठी, नोकरीसाठी, आखातातील रोजगारासाठी किंवा मुला-नातवंडांना भेटण्यासाठी विमानाने जातो. मात्र त्याचा विमानप्रवास विमानतळावर सुरू होत नाही. तो शहाडच्या फलाटावर सुरू होतो. कायद्याने या एका प्रवासाचे तुकडे केले आहेत आणि प्रत्येक तुकड्याला निराळे संरक्षण दिले आहे. प्रस्तुत लेखात या विभागणीची चिकित्सा केली आहे.

जून २०२५ मधील एका आठवड्याने ही विभागणी अत्यंत क्रूरपणे समोर आणली. ९ जून रोजी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर कसाऱ्याकडे जाणारी आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे येणारी अशा दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात उभे असलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांपैकी चौघांचा त्या दिवशी मृत्यू झाला. तीनच दिवसांनी, १२ जून रोजी, अहमदाबादहून लंडनच्या गॅटविक विमानतळाकडे निघालेले एअर इंडियाचे १७१ क्रमांकाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४२ जणांपैकी २४१ आणि जमिनीवरील १९ असे एकूण २६० जण मृत्युमुखी पडले. मृत कर्मचाऱ्यांत डोंबिवलीचेही नाव होते. कसारा लोकल शहाडला थांबते आणि डोंबिवली तेथून काही स्थानकांवर आहे. एकाच परिसराने तीन दिवसांत पाहिलेल्या या मृत्यूंना लागू होणारे कायदे मात्र परस्परांशी कोणतेही नाते सांगत नाहीत.

मृत्यूचे दायित्व :

विमानप्रवाशाच्या मृत्यूबाबतचा भारतीय कायदा हा मूलतः आंतरराष्ट्रीय कराराचा कायदा आहे. १९२९ च्या वॉर्सा कराराला अनुसरून १९३४ चा आणि पुढे १९७२ चा हवाई वाहतूक अधिनियम आला. १९९९ चा माँट्रियल करार भारताने २००९ मध्ये स्वीकारला आणि तो अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत समाविष्ट झाला. या कराराच्या अनुच्छेद २१ मध्ये दायित्वाचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात वाहकाचा दोष सिद्ध करण्याची गरज नाही. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे ठरावीक रकमेच्या वर, आपला निष्काळजीपणा नव्हता किंवा हानी केवळ तिसऱ्या पक्षामुळे झाली हे वाहकानेच सिद्ध करायचे असते. ते सिद्ध झाले नाही तर दायित्वाला कमाल मर्यादा राहत नाही. पहिल्या टप्प्याची रक्कम २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१,८८० विशेष आहरण अधिकार, म्हणजेच एसडीआर, इतकी झाली. भारतीय चलनात ती पावणेदोन कोटी रुपयांच्या वर जाते.

अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर ‘प्रत्येक कुटुंबाला कायद्याने इतकी रक्कम मिळणारच’ असा अर्थ या आकड्यावरून अनेक ठिकाणी काढला गेला. हा अर्थ बरोबर नाही. ही रक्कम विनादोष दायित्वाची मर्यादा आहे, किमान भरपाई नव्हे. वारसांनी आपले नुकसान सिद्ध करावयाचे आहेच. केवळ वाहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर नाही. हा वाद भारतात यापूर्वी होऊन गेला आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूर येथे कोसळून १५८ जण मृत्यू पावले. त्यानंतर केरळ उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २०११ मध्ये एक लाख एसडीआर ही किमान भरपाई मानली, आणि त्याच वर्षी खंडपीठाने तो निर्णय फिरविला. त्याच अपघातातील एका कुटुंबाला ३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७.६४ कोटी रुपये देवविले, ते मृत व्यक्तीच्या वेतनाचा हिशेब मांडून. अपघातापासून त्या निर्णयापर्यंत जवळजवळ दहा वर्षे गेली, ही बाब आकड्याच्या भव्यतेत झाकली जाते.

याचाच दुसरा अर्थ असा की, हा कायदा मिळकतीला मोजतो. दुबईत मोठ्या पगारावर असलेल्या अधिकाऱ्याचे वारस आणि त्याच विमानातील मजुराचे वारस यांच्या हाती पडणाऱ्या रकमांत प्रचंड अंतर असू शकते. माँट्रियल कराराला समतेचा कायदा म्हणून गौरविणाऱ्या लेखनात याकडे सहसा दुर्लक्ष होते. देशांतर्गत प्रवासाची स्थिती आणखी निराळी आहे. अधिनियमाच्या कलम ८ खाली निघालेल्या २०१४ च्या अधिसूचनेने देशांतर्गत मृत्यूसाठी हा आकडा २० लाख रुपये आणि सामानासाठी २० हजार रुपये ठरविला. म्हणजे मुंबईहून अहमदाबादपर्यंतच जाणारा आणि अहमदाबादहून लंडनला जाणारा, हे दोघे एकाच कंपनीच्या शेजारच्या आसनांवर बसले असले तरी कायद्याच्या दृष्टीने शेजारी नाहीत. ज्याचे तिकीट मुंबई-अहमदाबाद-लंडन असे एकसंध आहे, तो मात्र पहिल्या टप्प्यातही आंतरराष्ट्रीय प्रवासीच असतो. एकाच विमानातील दोन जिवांचे संरक्षण केवळ तिकिटाच्या रचनेवरून ठरावे, याचे समर्थन करणे अवघड आहे.

विमानातील कर्मचारी तर ‘प्रवासी’ या व्याख्येतच बसत नाहीत. अपघाताच्या वेळी त्यांना लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियमात मासिक वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी ते कमाल १५ हजार रुपये धरले जात असे. त्या सूत्राने विशीतल्या कर्मचाऱ्याच्या मृत्यूचीही भरपाई १७ लाखांच्या आत थांबते. टाटा समूहाने प्रत्येक मृताच्या कुटुंबासाठी एक कोटी रुपये जाहीर केले, ते स्वेच्छेने. डोंबिवलीतील घरापर्यंत जे पोहोचायचे ते या औदार्याच्या वाटेने, हक्काच्या वाटेने नव्हे. जमिनीवर मृत्यू पावलेल्या १९ जणांनाही माँट्रियल करार लागू होत नाही.

रेल्वेचा कायदा याच्या शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. १९८९ च्या रेल्वे अधिनियमात १९९४ साली कलम १२४-अ आले. गाडीतून अपघाताने पडणे ही ‘अनुचित घटना’ ठरली आणि तिच्यासाठी रेल्वेचा दोष असो वा नसो भरपाई देय झाली. ही रक्कम १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ८ लाख रुपये आहे. कारखान्यातील कामगार असो की कंपनीचा संचालक, रक्कम तीच. शिवाय दारात उभा राहिलेला प्रवासी निष्काळजी असेल, पण म्हणून त्याने स्वतःला इजा करून घेतली असे होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० आणि २०१८ मधील निर्णयांत स्पष्ट केले. २०१८ च्या निर्णयाने तर मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही, असेही सांगितले. माँट्रियल कराराच्या अनुच्छेद २० प्रमाणे प्रवाशाची स्वतःची चूक भरपाई कमी करू शकते. रेल्वेच्या या कलमात तशी कपात नाही. तेव्हा विमानाचा कायदा श्रेष्ठ आणि रेल्वेचा दुय्यम, असा सरधोपट निष्कर्ष काढता येत नाही. रेल्वेचा कायदा तत्त्वाने उदार आणि रकमेने कृपण आहे. विमानाचा कायदा रकमेने उदार, पण मिळकत मोजणारा. मुदतीतही फरक आहे. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, मात्र पुरेशा कारणासाठी विलंब माफ होऊ शकतो. माँट्रियल कराराच्या अनुच्छेद ३५ प्रमाणे विमान जेव्हा पोहोचावयास हवे होते त्या दिवसापासून दोन वर्षांत दावा दाखल झाला नाही, तर हक्कच नष्ट होतो. अहमदाबादच्या प्रवाशांच्या वारसांसाठी ही मुदत जून २०२७ मध्ये संपते.

विलंब, रद्द उड्डाण आणि नियमातील पळवाटा :

दुर्घटना विरळ असतात. प्रवाशाला नेहमी भेटतो तो विलंब, रद्द झालेले उड्डाण, आणि तिकीट असूनही विमानात जागा नाकारली जाणे. यासाठीचा मुख्य दस्तऐवज म्हणजे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने ऑगस्ट २०१० मध्ये काढलेल्या ‘सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स’मधील विभाग ३, मालिका एम, भाग ४. २०१६ मध्ये त्यातील रकमा वाढविण्यात आल्या. २०१९ ची प्रवासी सनद ही बहुतांशी याच तरतुदींचा सोप्या शब्दांतील गोषवारा होय.

हा दस्तऐवज बारकाईने वाचला असता त्यातील उदारतेची मोजपट्टी लक्षात येते. जागा नाकारल्यास, पर्यायी विमान मूळ वेळेपासून तासाभरात सुटणार असेल तर काहीच देय नाही. चोवीस तासांच्या आत सुटणार असेल तर मूळ भाडे व इंधन आकार यांच्या दुप्पट, पण १० हजारांपर्यंत. त्यापुढे चौपट, पण २० हजारांपर्यंत. येथे कंपनीने जाणूनबुजून जादा तिकिटे विकलेली असतात, म्हणून दंडाचा अंश असलेली ही भरपाई योग्यच म्हणावी लागेल. पण पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केल्यास उड्डाणकालानुसार ५ हजार, साडेसात हजार किंवा १० हजार रुपये, अथवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती द्यावयाची आहे. ‘कमी असेल ती’ या तीन शब्दांत तरतुदीचा सारा कस निघून जातो. सवलतीच्या काळात दीड हजार मूळ भाड्याचे तिकीट काढणाऱ्या प्रवाशाला भरपाईही त्याच मापाने मिळते, मग त्याने ऐनवेळी दुसऱ्या विमानाला आठ हजार मोजले असोत की मुलाखत हुकवली असो. भरपाईचे माप प्रवाशाची हानी नसून कंपनीची विक्रीकिंमत आहे. तोटा ज्याचा, मोजपट्टी दुसऱ्याची, असा हा प्रकार आहे.

विलंबाबाबत तर रोख भरपाईच नाही. उड्डाणाच्या लांबीनुसार दोन ते चार तासांनंतर खाणेपिणे, देशांतर्गत उड्डाणास सहा तासांहून अधिक विलंब होणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, आणि विशिष्ट परिस्थितीत हॉटेल, एवढेच. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमावलीत रद्द उड्डाणासाठी अंतरानुसार २५० ते ६०० युरो ठरविलेले होते. तेथील न्यायालयाने २००९ मध्ये तीन तासांहून अधिक विलंबालाही तोच न्याय लावला. भारतात असे झाले नाही. मात्र यातील विसंगती अशी की, हवाई वाहतूक अधिनियमातून आलेला अनुच्छेद १९ विलंबाने झालेल्या नुकसानीचे दायित्व वाहकावर टाकतोच. हानी टाळण्यासाठी सर्व वाजवी उपाय योजले होते, हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच ठेवतो. संसदेने केलेला कायदा नुकसानीची दाद देतो आणि महासंचालनालयाचा नियम केवळ उपाहार देतो. विमानतळावरील फलकांवर आणि कंपन्यांच्या उत्तरांत दिसतो तो दुसरा. पहिल्याची वाच्यता क्वचितच होते. परिणामी सामोसा आणि पाण्याची बाटली हीच आपल्या हक्काची परिसीमा, असे प्रवाशाला वाटू लागते.

‘असाधारण परिस्थिती’ या अपवादाचाही विचार आवश्यक आहे. राजकीय अस्थैर्य, नैसर्गिक आपत्ती, पूर, स्फोट, संप, सरकारी आदेश, तसेच हवाई वाहतूक नियंत्रण, हवामान व सुरक्षा यांमुळे झालेला विलंब, असे सारे या अपवादात आहे. यादी लांब असणे हा दोष नव्हे. कोकणातील पावसात किंवा दिल्लीच्या धुक्यात वैमानिकाने उड्डाण न करणे हेच प्रवाशाच्या हिताचे असते. दिल्लीतील डिसेंबर २००७ च्या धुक्यामुळे झालेल्या विलंबाबाबत इंटरग्लोब एव्हिएशन या कंपनीच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हेच मान्य केले. कमी दराच्या विमानकंपनीलाही किमान सोयी देण्याचे कर्तव्य टाळता येणार नाही, हेही बजावले. खरा प्रश्न, कारण असाधारण होते हे ठरवायचे कोणी, हा आहे. नियमाप्रमाणे कंपनी कारण सांगते. धुके सकाळी असते आणि त्याचे नाव रात्रीच्या उड्डाणापर्यंत पुरते. त्या दिवशी त्या वेळी धावपट्टी कशी होती, याची नोंद प्रवाशाच्या हाती देण्याचे बंधन असते तर हा वाद निम्म्याने कमी झाला असता.

याच नियमात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे शहाडसारख्या ठिकाणी विशेष लक्ष द्यावे लागेल. तिकीट काढताना पुरेसा संपर्क तपशील न देणाऱ्या प्रवाशाला आर्थिक भरपाई मिळत नाही. या भागात अनेकांची तिकिटे आजही स्टेशनबाहेरच्या एजंटाकडून निघतात आणि पुष्कळदा एजंट स्वतःचाच मोबाईल क्रमांक टाकतो. उड्डाण रद्द झाल्याचा संदेश एजंटाच्या दुकानात पोहोचतो, प्रवासी मात्र विमानतळावर. वरकरणी निरुपद्रवी वाटणारी ही अट ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे नेमक्या त्याच प्रवाशाला संरक्षणाबाहेर काढते.

डिसेंबर २०२५ चा अनुभव :

या सर्व तरतुदींची परीक्षा डिसेंबर २०२५ मध्ये झाली. वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला होता. इंडिगोची उड्डाणे कोलमडली आणि एकट्या ५ डिसेंबरला एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. हे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. म्हणजे ‘सरकारी आदेश’ या अपवादाचा आसरा घेण्यासारखी ही आकस्मिक घटना नव्हती. असे असता नियमाने ठरविलेली भरपाई आपोआप प्रवाशांच्या खात्यांत जमा झाली, असे घडले नाही. घडले ते असे : केंद्र सरकारने ६ डिसेंबरला अंतरानुसार भाड्याची कमाल मर्यादा ठरविली, परताव्यासाठी दुसऱ्या दिवशी रात्री आठची मुदत घातली, आणि महासंचालनालयाने त्याच कंपनीला कामाच्या तासांच्या नियमांतून तात्पुरती सूट दिली. कंपनीने पुढे सर्वाधिक झळ बसलेल्या प्रवाशांसाठी १० हजार रुपयांची प्रवास-कूपने जाहीर केली.

सरकारने हस्तक्षेप केला, याचे स्वागतच करावयास हवे. पण हक्क आणि कृपा यांतील फरक येथे पुसला गेला. संकट देशव्यापी होते, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होते, म्हणून आदेश निघाला. एखाद्या मंगळवारी एकच उड्डाण रद्द झाले तर त्यातील दीडशे-पावणेदोनशे प्रवाशांसाठी कोणते मंत्रालय आदेश काढणार? आणि कूपन ही भरपाई नव्हे. ज्या कंपनीने अडचणीत आणले तिच्याच विमानात पुन्हा बसण्याचे ते निमंत्रण असते.

फलाट आणि विमानतळ यांच्यामधील जागा :

शहाडच्या प्रवाशाची सर्वांत वेगळी अडचण यापैकी कोणत्याही नियमात नाही. कल्याणच्या पुढे सिग्नल बिघडला, रुळांवर पाणी साचले, घाटकोपरला पोहोचून मेट्रो गाठेपर्यंत तास गेला आणि विमान सुटले, तर विमानकंपनीच्या दृष्टीने तो केवळ ‘न आलेला’ प्रवासी ठरतो. रेल्वेच्या दृष्टीने तर त्याचे दहा-पंधरा रुपयांचे उपनगरी तिकीट वापरले गेले आणि व्यवहार संपला. आरक्षित तिकिटावर गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असल्यास परतावा मागता येतो. लोकलच्या तिकिटाला तसे काहीच नाही. अशा प्रवाशालाही विमानाच्या तिकिटातील वैधानिक कर आणि विमानतळ वापर शुल्क परत मिळण्याचा हक्क आहे, हे महासंचालनालयाच्या परताव्याविषयीच्या नियमात नमूद आहे. ही रक्कम लहान असते, पण ती मागणारे प्रवासी त्याहून विरळ असतात.

या रिकाम्या जागेत सर्वोच्च न्यायालयाने एकदा पाऊल टाकले आहे. अजमेरहून जम्मूला जाणारी गाडी सुमारे चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान हुकले. त्यांना टॅक्सीने जावे लागले. ग्राहक मंचांनी दिलेली ३० हजार रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी कायम केली. विलंबाचे समर्थनीय कारण रेल्वेने दाखविले पाहिजे, अन्यथा ती जबाबदार राहील, असा त्या निर्णयाचा गाभा आहे. गाडीचा आणि विमानाचा संबंध जोडून प्रवाशाच्या संपूर्ण प्रवासाकडे पाहणारा हा निर्णय या विषयातील महत्त्वाचा टप्पा मानावा लागेल. तो उपनगरी लोकलला लावता येईल काय, हा प्रश्न मात्र कठीण आहे. लोकलच्या तिकिटावर वेळ छापलेली नसते, विशिष्ट गाडीही नसते. अमुक मिनिटांनी पोहोचण्याचा करारच झाला नाही, असा रेल्वेचा बचाव सहज संभवतो. पण तीच रेल्वे वेळापत्रक प्रसिद्ध करते आणि लाखो लोक त्यावर आपली हजेरी, परीक्षा आणि उड्डाणे बेततात. वेळापत्रकाला वचनाचे काहीतरी मूल्य असलेच पाहिजे.

दाद मागण्याचे ठिकाण :

महासंचालनालय आणि एअरसेवा ही तक्रार यंत्रणा तक्रार कंपनीकडे पाठवू शकतात, कंपनीला दंडही होऊ शकतो, परंतु वैयक्तिक नुकसानीचा निवाडा तेथे होत नाही. त्यासाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाचा मार्ग उरतो. या अधिनियमाच्या कलम ३४ ने तक्रारदाराला तो राहतो त्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा दिली. शहाडच्या रहिवाशाला गुरुग्राम किंवा दिल्लीला जाण्याची गरज उरली नाही. ठाणे जिल्हा ग्राहक आयोग पुरेसा आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही आणि ती संगणकावरून दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे.

मात्र येथेही आंतरराष्ट्रीय प्रवासाची गाठ सुटत नाही. ग्राहक मंच हेही हवाई वाहतूक कायद्याच्या अर्थाने न्यायालयच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले आहे. त्यामुळे आखातातून परतताना सामान हरवलेल्या प्रवाशाला मंचाचे दार उघडे आहे. पण कोणत्या गावच्या मंचाचे? माँट्रियल कराराच्या अनुच्छेद ३३ प्रमाणे प्रवाशाच्या निवासस्थानी दावा करण्याची सवलत मृत्यू व शारीरिक इजा यांपुरतीच आहे. सामान आणि विलंब यांसाठी वाहकाचे मुख्यालय, मुख्य कार्यस्थान, ज्या कार्यालयामार्फत करार झाला ते ठिकाण किंवा प्रवासाचे अंतिम ठिकाण, एवढेच पर्याय आहेत. अंतिम ठिकाण म्हणजे तिकिटावरील शेवटचे नाव. त्यावर मुंबई लिहिलेले असते, शहाड कधीच नसते. तिकीट शहाडच्या फलाटावर उभे राहून मोबाईलवर काढले असेल, तर करार कोणत्या ‘कार्यालयामार्फत’ झाला म्हणायचे, याचे उत्तर १९९९ साली कागदी तिकिटांच्या काळात लिहिलेल्या त्या वाक्यात शोधावे लागते. ठाण्याच्या आयोगापुढे कंपनीचा वकील पहिला आक्षेप याच मुद्द्यावर घेऊ शकतो, आणि हरवलेल्या बॅगेचा विषय निघण्याआधी काही तारखा त्यातच जाऊ शकतात.